अण्णांच्या नावाची दुर्बीण

आपल्या कारखान्यातल्या दुर्बिणीला वडिलांचं, म्हणजे अण्णांचं, नाव द्यायचं हे दादानं घरात कुणालाच विचारलं नाही. त्यानं ते थेट वर्तमानपत्रात छापून आणलं आणि मग रविवारी सगळ्यांना जेवायला बोलावलं. तेही अण्णांच्या घरी, आणि रांधायला स्वतःच्या बायकोला जुंपून.

त्यामुळे वहिनी सकाळपासून धुमसत होती. सासूबाई गेल्यापासून या स्वयंपाकघरात एक वस्तू जागेवर नव्हती. चहाच्या डब्यात खिळे, खिळ्यांच्या डब्यात साखर. नळ सोडला की आधी खोकायचा, मग पाणी द्यायचा. एवढा मोठा शास्त्रज्ञ, कपाटात देशोदेशीची पदकं, आणि घरात धड एक सुरी नाही.

"दोन वाजता मॅनेजर येतील," दादा दारातून म्हणाला. "बरोबर फोटोग्राफर आहे. अण्णा खुर्चीत, यंत्र त्यांच्या हातात आणि मागे आपण सगळे. तेवढे हॉलमधले वाळत घातलेले कपडे काढ."

"धाकटीला सांगितलंत?"

"काय सांगायचंय? पेपरात आलंय."

"पेपरात आलंय म्हणूनच विचारतेय. तिच्या नवऱ्याला जाऊन पुरते तीन हिवाळे झाले नाहीत. तिला त्या यंत्रामागे फोटोला उभं करणार तुम्ही?"

दादानं घड्याळाचा पट्टा एक भोक घट्ट केला. बोलायचं नसलं की तो पट्ट्याशी चाळा करायचा. "तू वाढायचं बघ. बाकीचं मी बघतो."

बाकीचं मी बघतो. लग्न झाल्यापासून ती हे ऐकत आली होती. बघितलं होतंच की त्यानं. भिंगं घासायचं एका खोलीतलं दुकान वाढवत त्यानं कारखाना उभा केला, ड्रायव्हर ठेवला, तिला बंगल्यात नेलं. त्या बंगल्यातल्या न्हाणीघरात बादलीत नळ सोडून, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून तोंडात टॉवेल कोंबून तो एकदा कसा रडला होता, हे मात्र फक्त तिनं बघितलं होतं. तेव्हापासून तिच्या तोंडाला कुलूप होतं.

तिनं कांदा अर्धा चिरला, सुरी खाली ठेवली, पुन्हा उचलली आणि उरलेला अर्धा असा काही चिरला की फळी हलली.

*

धाकटी, म्हणजे अण्णांची धाकटी सून, आली ती पेपर हातात घेऊनच. पाणीपुरवठा खात्यात ती नकाशे काढायची, कागदाला उगाच सुरकुती पडलेली तिला खपायची नाही. आजचा कागद मात्र तिच्या मुठीत पिळून निघाला होता. तिची लेक, एका जागी ठरत नाही म्हणून घरात सगळे तिला भिंगरी म्हणत, मागच्या बागेत पळाली. जेवायला मोठी माणसंच बसली: अण्णा, दादा, वहिनी, हॉस्पिटलातून थेट आलेली अण्णांची लेक ताई, आणि धाकटी.

पहिला घास कुणी घेण्याआधीच धाकटी म्हणाली, "अण्णा, तुम्ही हो म्हणालात?"

अण्णांनी चष्मा कपाळावर चढवला. "मला काल कळलं, पोरी. पेपरवाला म्हणाला, साहेब, तुमचं नाव आलंय."

"म्हणजे विचारलं नाही तुम्हाला. आणि तुम्ही नाहीही म्हणाला नाहीत."

"जेवून घेऊ या आधी," दादा म्हणाला.

"जेवा ना. मी कुठं तुमचा हात धरलाय?" तिचा आवाज चढला नव्हता. चढू नये म्हणून ती बसमध्ये सबंध रस्ताभर वाक्यं घोळवत आली होती. "गेल्या आठवड्यात यांच्या तुकडीतले हवालदार घरी येऊन गेले. त्या तुकडीतले ते एकटेच उरले. एका पायानं चालतात. ते काय म्हणाले सांगू? अमावास्येची रात्र होती. डोळ्यात बोट घातलं तरी दिसत नव्हतं. कुणी विडी पेटवली नाही, कुणी खोकलं नाही. झुडपांत पालथे पडून होते सगळे. आणि टेकडीवरून गोळ्या आल्या त्या मोजून मापून. एका माणसाला एक गोळी. जिथं माणूस, तिथंच. दुसरीकडे एक दगडसुद्धा उडाला नाही. हवालदार मला विचारत होते, बाई, आम्ही त्यांना दिसलो तरी कसे?"

तिनं मुठीतला पेपर टेबलावर ठेवला.

"मी त्यांना काय सांगणार? सांगू का, की माझ्या सासऱ्यांनी तरुणपणी एक काच केली, ऊबकाच म्हणतात तिला, आणि त्या काचेला अंगाची ऊब उजेडासारखी दिसते? माणूस जिवंत आहे ना, मग तो लपूच शकत नाही, असं सांगू? हे मला ठाऊक होतं हो. लग्न होऊन आले तेव्हापासून याच गोष्टीचं कौतुक ऐकतेय. पण दोन आणि दोन जोडले नव्हते मी. हवालदारांनी जोडायला लावले."

"छोटू माझा भाऊ होता," दादा म्हणाला. "तुझ्या आधीपासून होता."

"मग भावाला ज्यानं शोधून मारलं त्याला बापाचं नाव देता?"

"त्या बाजूनं दुसऱ्या कुठल्या तरी देशाचा माल असेल. ऊबकाच आज जगात सगळीकडे होते. लढाईत माणसं जातात. आमचं यंत्र आपल्या सैनिकांना वाचवतं, हे तुला कुणी सांगितलं नाही वाटतं."

"दादा, पुरे," ताई मध्ये पडली. "ती म्हणते ते बरोबर आहे. नाव मागे घे. कारखाना तुझा, यंत्र तुझं, स्वतःचं नाव दे."

धाकटीनं ताईकडं बघितलं. या घरात तिच्या बाजूनं कुणी बोलावं याची तिला सवय नव्हती.

दादा ताईकडे वळला आणि थंडपणे म्हणाला, "तुझ्या वॉर्डात जी ऊबकाच आहे, ती कुठून येते गं?"

ताईनं ताट जरा पुढं सरकवलं.

"दर वर्षी नवी येते. बायकांच्या छातीतली गाठ हाताला लागायच्या आधी तुला दिसते, म्हणून लांबलांबून बायका येतात तुझ्याकडे. ती काच मी फुकट देतो, कारण ही बंदुकीवरची दुर्बीण खपते. दुर्बीण बंद, तर ती काच बंद. आता बोल, काय मागे घेऊ?"

ताईनं पाण्याचा पेला उचलला आणि नुसताच धरून ठेवला. मग धाकटीकडे न बघता म्हणाली, "आपण जरा शांत डोक्यानं बोलू या का? आत्ताच्या आत्ता ठरवायची काय गरज आहे?"

धाकटीला हसू आलं. कडवट, नाकातून आलेलं. "झालं. तुम्हीपण तिकडे."

*

दादाला वाटलं, निभावलं. ताई गप्प झाली की अण्णा गप्प होतात, हे त्याला लहानपणापासून ठाऊक होतं. त्यानं भाकरीचा तुकडा मोडला.

आणि वहिनी म्हणाली, "तिचं काय चुकलं ते तरी सांगा."

"तू यात पडू नकोस."

"का? मी या घरातली नाही?"

"तुला यातलं काय कळतं? उचलली जीभ लावली टाळ्याला! स्वयंपाक केलास ना? मग वाढ आणि भांडी आवर."

हे त्यानं सगळ्यांसमोर म्हटलं. म्हटल्यावर त्याच क्षणी त्याला कळलं की चूक झाली, पण तोंडातून सुटलेलं कुठं परत येतं? वहिनीच्या हातात डाव होता. तिनं तो भांड्यात टाकला तेव्हा रस्सा उडून तिच्याच बाहीवर पडला. तिनं पुसलासुद्धा नाही.

"मला यातलं काय कळतं ते सांगते," ती म्हणाली. "छोटू भाऊजी गेल्याची बातमी आली. त्यानंतर थोड्याच दिवसांत सैन्यातले एक साहेब कारखान्यात आले होते. त्या टेकडीवर सापडलेली दुर्बीण घेऊन आले होते, शत्रूच्या हातातली. वरची पट्टी घासून टाकली होती, पण आतल्या कड्यावर कारखान्याची खूण तशीच होती. आमच्या कारखान्याची. बंदरावरच्या व्यापाऱ्याला विकलेली. तो दोन्हीकडे विकतो. इकडेही आणि तिकडेही."

"अगं..."

"मला थांबवू नका! त्या दिवशी तुम्ही न्हाणीघरात कोंडून घेतलं होतंत. माझे पाय धरून म्हणालात, कुणाला सांगू नकोस. मी नाही सांगितलं. या पोरीच्या शेजारी बसले, तिचे डोळे पुसले आणि नाही सांगितलं! म्हणालात, त्या व्यापाऱ्याला पुन्हा माल देणार नाही. वर्ष गेलं नाही तोच दिलात ना? दिलात की नाही, सांगा सगळ्यांना!"

धाकटी उभी राहिली. तिच्या खुर्चीचा पाय फरशीवर करकरला, तेवढाच आवाज.

दादा बायकोकडे बघतच नव्हता. तो अण्णांकडे बघत होता. बोला ना एकदा, त्याच्या मनात आलं. जन्मभर गप्प बसलात, आता तरी बोला.

आणि अण्णा बोलले. "तू भावाला विकलंस."

ते अगदी हळू बोलले, पण विस्तव अंगावर पडावा तसा दादा उसळला.

"मी विकलं! हो, विकलं! आणि शोधलं कुणी? काचेचा शोध लागला तेव्हा काय केलंत तुम्ही? सगळी कृती छापून मोकळे झालात. कुठलं मीठ, किती पातळ थर, किती वीज, सगळं. ज्याला हवं त्यानं करावं. विज्ञान सगळ्यांचं असतं म्हणे! मग पडलं ना सगळ्यांच्या हाती? आम्ही तिघं पोरं दोन खोल्यांत वाढलो. तुम्ही पदकं घ्यायला परदेशात, आणि आई दुसऱ्यांचे कपडे शिवतेय. मी शिकणं सोडून भिंगं घासायला बसलो तेव्हा कुणी विचारलं मला, बाबा रे, का सोडलंस? आज मी हात झटकले, तर उद्या पलीकडचा तीच काच त्याच व्यापाऱ्याला विकेल. छोटूला मी मारलं असेल, तर माझ्या आधी तुम्ही मारलंत. मी नुसती दुकानदारी केली!"

त्याचा हात टेबलावर आपटला. पेला कलंडला, पाणी धाकटीच्या पेपरवर पसरलं. त्यात छापलेला अण्णांचा हसरा फोटो भिजून काळपट झाला. कुणीच तो उचलला नाही.

*

ताई डॉक्टर होती. रक्त वाहताना आधी कुठं दाबायचं, हे तिला कळायचं. आत्ता मात्र तिला कळेना. ती उठून धाकटीच्या जवळ गेली, खांद्यावर हात ठेवला. धाकटीनं तो हात बाजूला केला. झटकला नाही, नुसता उचलून बाजूला ठेवला, आणि ते ताईला जास्त लागलं.

"ताई, मला एकच सांगा. आता हे कळल्यावर ती काच परत पाठवाल?"

खोटं बोलणं किती सोपं होतं. हो म्हणायचं, आणि मग महिन्या-दोन महिन्यांत विषय मागे पडला असता. पण उद्या सकाळी तिच्या टेबलावर एक बाई असणार होती, दोन लेकरांची आई, शिंपीण. तिची गाठ अजून वाटाण्याएवढीही नव्हती. हाताला लागलीच नसती. काचेत दिसली म्हणून उद्या निघणार होती.

"नाही," ताई म्हणाली.

"नाही?"

"नाही पाठवणार. शिव्या दे मला. दादाकडून घेतेय हे आज कळलं असं नाही, आणि पैसा कुठून येतो हे मी कधी विचारलं नाही, हेही खरं. पण परत नाही पाठवणार. तुझ्या डोळ्यांत डोळे घालून सांगतेय."

"हे तुमच्या पाठचे भाऊ होते."

"मी त्याला अंगाखांद्यावर खेळवलंय!" ताईचा आवाज फाटला. "तू काय सांगतेस मला! त्याचं प्रेत तू बघितलंस, मी नाही? डॉक्टर म्हणून मला आत सोडलं होतं. गोळी कुठून शिरली आणि कुठून निघाली ते मी बघितलंय. तुला नाही सांगितलं, कधी सांगणारही नाही. पण मेलेल्या भावासाठी जिवंत बायकांना मरू देऊ? तुझ्या मनासारखं व्हावं म्हणून?"

धाकटी वळली आणि जिन्याकडे चालू लागली, छोटूच्या जुन्या खोलीकडे. वर कपाटाचे दरवाजे उघडल्याचे, बंद झाल्याचे आवाज यायला लागले. यांचं म्हणून जे काही या घरात उरलं होतं, ते ती भरत होती.

"कुणी थांबवणार आहे का तिला?" वहिनी म्हणाली.

तेवढ्यात बाहेर गाडी थांबली.

*

अण्णांना एक गोष्ट कुणालाच सांगता आली नव्हती. पेपरातली बातमी त्यांनी काल तीनदा वाचली होती. बरं वाटलं होतं. म्हातारपणी माणसाला लोक विसरतात, आणि आपलं नाव एखाद्या वस्तूवर कोरलेलं राहील, असं वाटून ते चक्क शीळ घालत दाढी करायला गेले होते. छोटूची आठवण त्या वेळी आली नव्हती. आता त्यांना स्वतःचाच राग येत होता.

मॅनेजर तरणाबांड, गुळगुळीत बोलणारा होता. हॉलमधल्या चेहऱ्यांकडे त्याचं लक्षच नव्हतं. त्यानं पेटीतून दुर्बीण काढली, मखमली कापडानं पुसली आणि अदबीनं अण्णांपुढे धरली. "साहेब, आधी तुम्ही बघा. तुमचंच लेकरू आहे."

अण्णांनी जन्मात ही दुर्बीण डोळ्याला लावली नव्हती. त्यांनी बघितल्या होत्या त्या प्रयोगशाळेतल्या काचा आणि ताईच्या वॉर्डातला पडदा. त्यांची पहिली काच कॉलेजच्या तळघरात तयार झाली, तेव्हा दिवे गेले होते. त्यांची बायको डबा घेऊन आली होती, आणि जिना उतरता उतरता काळोखात अडकली होती. आपल्याला कुणी बघत नाही असं समजून ती एका हातानं भिंत चाचपडत होती, स्वतःशीच नवऱ्याच्या नावानं बोटं मोडत होती. आणि काचेवर तिचा हात उमटला. पाची बोटं, धूसर, उजळ, भिंतीवरून सरकणारी. "दिसतेस! तू मला दिसतेस!" अण्णा ओरडले होते. ती घाबरून किंचाळली होती. किती वर्षं ते दोघं या गोष्टीवर हसले होते!

त्यांनी दुर्बीण घेतली. डोळ्याला लावून खिडकीतून बाहेर धरली. बाग करडी, थंड. कुंपणाची झाडं करडी. आणि त्या झाडांच्या मागे, पानांच्या फटींतून, एक छोटासा उजेड. गुडघे छातीशी घेतलेला. डोकं गुडघ्यांत. मधूनच एक हात वर यायचा आणि तोंडावरून फिरायचा. भिंगाच्या मधोमध कोरलेली बारीक काळी फुली बरोबर त्या डोक्यावर बसली होती.

आतली भांडणं ऐकून पोर तिथं जाऊन बसली होती. कुणालाही दिसणार नाही अशा जागी.

"स्पष्ट आहे ना साहेब?" मॅनेजर म्हणाला. "दाट झाडीतसुद्धा माणूस सुटत नाही."

अण्णांनी दुर्बीण खाली घेतली. "भिंगरी कुंपणामागे बसून रडतेय," ते म्हणाले. "कुणीतरी जा."

धाकटी जिन्यात उभी होती, खांद्याला फुगलेली पिशवी. तिनं अण्णांच्या हातातली वस्तू बघितली, खिडकी बघितली, आणि पिशवी तिथंच टाकून बागेत धावली. पोरीला कडेवर घेऊन आली. एवढी मोठी झालेली पोर, पाय लोंबत होते, तरी तिनं तिला खाली ठेवलं नाही.

फोटोग्राफरनं कॅमेरा उचलला. दादानं हातानंच त्याला थांबवलं.

"नाव लावायचंय ना?" अण्णा म्हणाले. आता त्यांचा आवाज सबंध घरात गेला. "माझं लावायचं नाही. नाव लावायचंच असेल, तर माझ्या धाकट्या मुलाचं लावा. प्रत्येक दुर्बिणीवर कोरा. ज्याला विकाल त्यानं विचारलं, हा कोण, तर सांगा: बनवणाऱ्याचा भाऊ. शोधणाऱ्याचा मुलगा. या यंत्राला झुडपात सापडला तो."

मॅनेजरनं दादाकडे बघितलं. दादा पुढं झाला. "अण्णा, मेलेल्या माणसाच्या नावानं माल कोण घेईल?"

"म्हणूनच सांगतोय!"

"नाही," धाकटी म्हणाली.

सगळे तिच्याकडे वळले. अण्णांना वाटलं होतं, निदान आता तरी तिच्या डोळ्यांतला तो जाळ थोडा विझेल. तो आणखी भडकला होता.

"यांच्या नावाला हात लावायचा नाही. दादांनी बाजारासाठी तुमचं नाव काढलं, तुम्ही दादांना डागण्या द्यायला यांचं काढताय. यांना विचारलंत? मला विचारलंत? माझ्या पोरीच्या नावापुढं बापाचं नाव लागतं. शाळेत रोज हाक मारतात. तेच नाव बंदुकीवर बसवायचं? तुमच्या घरात कुणालाच काही विचारायची रीत नाही का हो?"

अण्णा मागच्या खुर्चीत बसले.

मॅनेजरनं खाकरून घसा साफ केला. त्यानं दुर्बीण अण्णांच्या हातातून हळूच सोडवून घेतली, पेटीत ठेवली, झाकण लावलं. "एवढं मनाला लावून घेऊ नका साहेब," तो समजुतीच्या सुरात म्हणाला. "नाव नसलं तरी चालतंय. मालाला नंबर असतोच. मागणी आलेलीच आहे."

दादानं त्याला घराबाहेर काढलं नाही. वहिनीनं काढलं. फोटोग्राफरला, मॅनेजरला आणि त्या पेटीला. दार आपटून ती परत आली, नवऱ्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "मी आज इथं राहतेय. अण्णांकडे. तुम्ही तुमच्या गाडीतून जा." दादा काही बोलायच्या आत ती स्वयंपाकघरात गेली आणि भांडी घासायला बसली. एक एक भांडं असं घासत होती, की बाहेरपर्यंत आवाज येत होता.

*

बसथांब्यापर्यंतचा रस्ता उताराचा होता. दोन्ही बाजूंना बंद दुकानं, रविवार असल्यामुळं रस्त्यावर माणूस नाही. धाकटी पोरीचा हात धरून झपझप पुढं चालली होती. पिशवी अण्णांनी उचलली होती. जिन्यात पडलेली होती, ती त्यांनी न विचारता उचलली, आणि आता दोन्ही हातांनी पोटाशी धरून ते मागून येत होते. तिच्यात छोटूचे बूट होते, खेळात जिंकलेले पेले होते, एक जाडजूड शब्दकोश होता. ते सगळं चालताना एकमेकांवर आपटत होतं.

"परत जा, अण्णा."

"जड आहे ही."

"मला झेपते."

"झेपते, मला ठाऊक आहे."

ती थांबली. वळून म्हणाली, "मी तुम्हाला माफ केलेलं नाही. दादांना नाही, ताईंना नाही, आणि तुम्हाला तर मुळीच नाही. पुढं करेन असंही समजू नका."

"माफी मी मागितलेली नाही," अण्णा म्हणाले. त्यांना धाप लागली होती. "मी काही तुझ्याकडे उसनं मागायला आलो नाही. पिशवी पोचवायला आलोय."

"पुढच्या रविवारी भिंगरीला आणणार नाही मी."

"मग मी येईन."

"दार उघडणार नाही."

"बरं. बाहेर बसेन."

"बसा," ती म्हणाली. "खुशाल बसा. थंडी वाजली तर माझ्या नावानं ओरडू नका."

बस आली. तिनं त्यांच्या हातातून पिशवी हिसकून घेतली, आणि मग तिच्या ओझ्यानं स्वतःच एक पाऊल मागे गेली. अण्णांनी हात पुढं केला, तिनं तो घेतला नाही. आत जाऊन पिशवी सीटखाली ढकलली आणि समोर बघत बसली.

भिंगरी मात्र पायरीवरच उभी राहिली. डोळे अजून सुजलेले होते. तिनं आजोबांकडे बघितलं. त्या बघण्यात राग नव्हता, एक कोडं होतं, आणि ते तिला बागेपासून छळत असावं.

"आजोबा, मी कुंपणामागे होते ना, तेव्हा तुम्हाला मी खरंच दिसत होते?"

"हो."

"रडत होते ते पण?"

"हो गं."

"मग मला हाक का नाही मारलीत?"

कंडक्टरनं घंटी वाजवली. आईनं आतून हाक मारली आणि पोर पायरी चढून आत गेली. अण्णा थांब्यावर तोंड उघडून उभे होते, काहीतरी सांगायचंच आहे अशा आवेशात हात वर केलेला, आणि बस वळणावरून दिसेनाशी झाली तरी तो हात त्यांनी खाली घेतला नव्हता.